आमची छपरी आणि तुझा पंजाबी ड्रेस

आई, परवा सक्करदऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात तुझ्या नातीने मला छपरी म्हटलं. तू तिला पाहिलंच नाहीस, आता कॉलेजात जाते. मी पिवळ्या काचांचा गॉगल लावून आरशात बघत होते, तर मागून म्हणते, "आई, काढ तो. एकदम छपरी दिसून राहिली तू." भडक कपडे घालून, केस रंगवून स्टाइल मारायला जावं आणि ती जमू नये, अशा माणसाला आजकालची पोरं छपरी म्हणतात. मला राग यायला हवा होता, पण मी तिथेच हसत सुटले. माझ्या डोळ्यांपुढे सावनेरकडची तुझ्या माहेरची छपरी उभी राहिली होती. घरापुढे गवताने शाकारलेली, बाज टाकलेली, येईल त्याला आधी पाणी आणि मग चहा देणारी. "घर लहान असलं तरी चालते, छपरी मोठी पाहिजे वं," असं तू म्हणायचीस, "माणसं तिथंच बसतात." तो शब्द शिवी होऊन माझ्या घरी परत आला होता.

शब्द कुठून आला हे विचारायची खोड मला तुझ्याकडूनच लागली. महाल भागातल्या शाळेत तू मराठी शिकवायचीस आणि मी तिथेच चौथीत होते. मी मोपेडवर तुझ्या मागे बसायचे. एकदा तुझा पदर चाकात गेला आणि आपण दोघी रस्त्यावर आडव्या. माझं काही नाही, तुझं कोपर चांगलंच फुटलं. पुढच्या सोमवारी तू पोपटी पंजाबी ड्रेस घालून निघालीस, ओढणीला मागे घट्ट गाठ, डोळ्यांवर काळा गॉगल. शाळेत सगळ्या बाई साडीतल्या. मधल्या सुट्टीपर्यंत पोरांनी तुला हिरोईन बाई करून टाकलं, आणि शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी फटाकडी म्हणालं. मोठ्या बाईंनी तुला बोलावलं. मी दाराबाहेर उभी होते. "हे नखरे इथे चालणार नाहीत. उद्या साडीत या, नाहीतर येऊच नका."

संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस. बाबा म्हणाले, "जाऊ दे ना, नेसून घे साडी." तू मान वर न करता म्हणालीस, "काहून? पुन्हा पडायले?" मग पुढचा गोळा मळायला घेतलास. एकदम मला विचारलंस, "फटाकडी कशावरून आला असंल वं?" मी म्हटलं, फटाक्यावरून. "मग त्यात वाईट काय? फटाके सगळ्यायले आवडते." तू हसलीस, पण त्या दिवशी भाकरी तव्यावर टाकताना पहिल्यांदाच फाटली.

दुसऱ्या दिवशी तू तोच पोपटी ड्रेस घातलास, कारण दुसरा शिवलेलाच नव्हता. मोठ्या बाई फाटकातच उभ्या. मला वाटलं, आता आपण दोघी घरी. तू नमस्कार केलास आणि म्हणालीस, "बाई, काल तुम्ही नखरे म्हणालात. तो शब्द फारसीतून आला. रुबाब अरबीतून. इतक्या दुरून आलेल्यांना आपण शाळेत घेतलं, सलवार तर पंजाबातलीच आहे."

बाईंचे ओठ हसल्यासारखे हलले. "आणि फॅशन?"

"मूळ लॅटिन. अर्थ, घडवणं. आपलंही कामच ते."

बाई तुझ्या कोपरावरच्या पट्टीकडे बघत राहिल्या. "फार लागलं का हो?" त्यांनी विचारलं, आणि तू उत्तर देण्याआधीच, "जा, प्रार्थना सुरू होईल." दिवाळीनंतर आणखी दोघी-तिघी ड्रेसमध्ये आल्या. मग एक दिवस मोठ्या बाईंनीच तुला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "शिंपी कोणता हो तुमचा?" ते सांगताना तू स्वयंपाकघरात उलथनं हातात घेऊन गिरकी घेतली होतीस.

हे सगळं मी लेकीला दुकानातून घरी येईपर्यंत सांगितलं. ती म्हणाली, "आजी तर फुल स्ले होती." स्ले म्हणजे मूळ इंग्रजीत ठार मारणं, आता भारी दिसणं. दिसण्याने जीव घेणारी माणसं आपल्याकडे आधीपासून आहेतच, तू असतीस तर तास घेतला असतास यावर. रविवारी आम्ही मामाकडे गेलो. छपरीवर आता टिनाचे पत्रे आहेत, पण बाज तिथेच. लेक तिच्यावर आडवी पडली ती जेवायला हाक मारली तरी उठेना. "मस्त हवा येते इथं," म्हणाली. आता मला चिडवायला ती दुसरा शब्द शोधते आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं सांगते. टकाटक हा शब्द नव्या चपलांच्या आवाजावरून आला, असं तू सांगायचीस. मी कोश चाळले, कुठेच तसं नाही. तरी लेकीला मी तेच सांगितलं. तिने विचारलं, "नक्की ना?" मी अगदी तुझ्या आवाजात म्हटलं, "नक्की."