सतरा नंबरची हजेरी

३० सप्टेंबर, मंगळवार
ऑफिसात आयुधपूजा! लॅपटॉप, प्रिंटर, चहाचं मशीन — सगळ्यांना हळद-कुंकू. कपाटातली सतरा नंबरची पेटी मात्र मंजुनाथअण्णा काढू देईनात. "तिला परदेशी जायची परवानगी यायचीय अजून, यशू." म्हटलं, मग तर पूजा हवीच! हसले, किल्ली दिली. फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

६ ऑक्टोबर
दिल्लीचा नकार आला. संदेश गुप्त ठेवणारं, पेटीतलं आमचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या देशात पाठवायचं नाही. चार महिने मी भरलेले अर्ज पाण्यात.

७ ऑक्टोबर
सकाळी अकरा-दहाला सर्व्हरवर ओळ उमटली — सतरा, सुरू. आमचं सॉफ्टवेअर चालू असलं की रोज अशी हजेरी लागते. पण सतरा तर कपाटात! उघडून पाहिलं. वायर नाही, वीज नाही. पत्रा थंडगार, त्यावर माझं कुंकू. उगाच हात धुऊन आले.

८ ऑक्टोबर
पुन्हा. अकरा-दहा.

९ ऑक्टोबर
हजेरी गिऱ्हाइकाच्या त्याच देशातून येतेय. देवव्रत सर म्हणाले, पेटी लागतच नाही. तिच्यावरचा कोड मिळाला की सॉफ्टवेअर कुठूनही उतरवता येतं. म्हणजे कोड कुणीतरी दिला. किल्ली अण्णांकडे. त्यांना घरी बसवलं. तुरुंगाची भाषा चाललीय. निपाणीहून आणून मला इथे चिकटवलं ते त्यांनीच!

१० ऑक्टोबर
हेब्बाळच्या पुलावर बस अडकली. घड्याळात अकरा-दहा झाले. तिकडे कोण बसलंय? कुणाशी काय बोलतंय आमच्या आडून? आमच्यात इतकं वेळेवर कुणीच येत नाही.

१२ ऑक्टोबर
अण्णांच्या घरी गेले. कस्तुराबाई दारातच — "ह्यांनी खरंच काय केलंय का गं?" छातीठोक सांगितलं, नाही. मंगळवारी चौकशीत मी बोलणार. "सरी, बरं," म्हणाल्या आणि डोळे पुसले. अण्णा आतून बाहेर आलेच नाहीत.

१३ ऑक्टोबर
किल्ली त्या दिवशी माझ्याकडेही होती हे दाखवायला पूजेचे फोटो शोधून काढले. एक मोठा केला. पेटीवरचा कोड, सोळाच्या सोळा आकडे, लख्ख. शेजारी हळद लावणारं बोट माझं. गिऱ्हाइकाच्या ग्रुपवर मीच टाकलाय — "तुमच्या पेटीची पूजा झाली!" त्या ग्रुपवर अण्णाही आहेत. खाली त्यांचा नमस्कार.
फोटो पुसला. तिकडचा कसा पुसू?

१४ ऑक्टोबर
चौकशीत अण्णा म्हणाले, "किल्ली मी कुणालाच दिली नव्हती." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
मी गप्प बसले.
अकरा-दहा. सतरा हजर.