करपलेला लसूण

जाऊबाई,

हे कागदी रुमालावर लिहितेय आणि लिहून झालं की फाडणार आहे. कुणाच्या हाती लागलं तर तुमचा ठावठिकाणा घरी कळेल.

आज पहिल्यांदाच एकटी हॉटेलात शिरले. आपल्या घरच्या बायकांनी बाहेर जेवायचं म्हणजे भाऊजी मागवतील ते निमूट खायचं. मी आपल्या तोंडाने टोमॅटोचं सूप मागवलं आणि कुणी ओळखीचं येतंय का, म्हणून दाराकडे बघत बसले.

पहिल्याच चमच्याला ठसका लागला. लसूण करपलेला! सासूबाईंचा एकदा करपला, तेव्हा चूक कबूल करतील त्या कसल्या? "आमच्यात असंच करतात," म्हणाल्या, आणि तेव्हापासून आपण दोघी मुद्दाम करपवत आलो. हा शहाणपणा जगात दुसरं कोण करणार?

भाऊजी अजून सगळ्यांना सांगतात, तुम्ही माहेरी गेलाय म्हणून.

वेटरने विचारलं, "सूप कसं आहे?"

मी आत स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "लसूण करपलाय. पण असू द्या, आमच्यात असंच करतात."

आत काहीतरी खणकन पडलं. थोड्या वेळाने न मागवताच दुसरा वाडगा आला. त्यात लसूण कोळशासारखा काळा.

तळापर्यंत संपवला. आता घरी विचारतील, एवढा वेळ कुठे होतीस?

माहेरी, म्हणेन.

तुमची,
धाकटी