पंपाला दुसरा माणूस

दि. १९ जानेवारी १९७९

प्रति,
मा. खाण तपासणी अधिकारीसाहेब,
कोल्हापूर.

विषय : खाणीच्या गाळाचा प्रयोग आपल्यासमोर करून दाखविण्यासाठी कु. नजीरा गौस रंगारी हिला कागद काढून बोलावणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र. तपासणी बुधवार, १४ फेब्रुवारी.

महोदय,

अर्जात ‘मी’ लिहायचे नसते, असे कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस आण्णा सांगतात. म्हणून खाली जिथे ‘अर्जदार’ येईल तिथे इयत्ता दहावीतली राजाक्का समजावी.

१. वाडीच्या वर खाण आहे. दगड दळून माल काढला की उरलेला गाळ ओढ्याकाठी टाकतात. त्यात गंधक असलेले चकचकीत कण असतात. ऊन-पाऊस लागला की त्यांचे आम्ल होऊन ओढ्यात उतरते. गौसमामांचा धंदा त्याच पाण्यात कापड रंगविण्याचा. लुगड्यांवर डाग पडू लागले, गिऱ्हाईक तुटले आणि दिवाळीनंतर मामा बिऱ्हाड घेऊन कोडोलीस गेले. नजीरा त्यांची मुलगी. ती अर्जदाराच्या बाकावर बसायची. आता त्या बाकावर अर्जदार ऐसपैस बसते, पण ऐसपैस बसून करायचे काय?

२. नजीरा असतानाच दोघींनी प्रयोग केला होता. विज्ञानाच्या सरांनी कॉलेजातून चिमूटभर औषध आणून दिले. बरणीत गाळ कालवून औषध घातले, वर टर्पेन्टाइनचे दोन थेंब, आणि सायकलच्या पंपाने तळातून हवा सोडली. साहेब, काय फेस आला! ते कण फेसाला चिकटून वर आले. नजीरा पंप मारायची, अर्जदार पळीने फेस काढायची. तळाला उरलेल्या वाळूत मेथी पेरली, ती उगवली. नुसत्या गाळात एक दाणा फुटला नाही.

३. हे अर्जदाराने आपणास लिहिले, तेव्हा आपण कळविले की हे समक्ष दाखवावे, तरच खाणीला गाळ असा धुऊन टाकण्याविषयी लिहिता येईल. रास्त आहे. परंतु पंपाला दोन हात लागतात आणि त्याच वेळी फेस काढायला तिसरा. पंप थांबला की फेस बसतो आणि कण परत तळाला जातात.

४. अर्जदाराने पायाने पंप मारून पाहिला, बरणी फुटली. आईस बसविले, ती चार दट्टे मारून म्हणाली, “दूध उतू जातंय की गं!” आणि गेली ती गेलीच. आकारामकाका हे गुळव्या. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. अर्जदाराने पंप मारला, त्यांनी फेस असा काढला की डोळ्यांचे पारणे फिटले, आणि सवयीने भस्सदिशी ओढ्यात भिरकावला! “अगं, मळी कुणी ठेवतंय व्हय?” म्हणाले. जे विष काढायचे तेच परत पाण्यात. वर्गातल्या मुलींना विचारले, त्या ‘फेसवाली आली’ म्हणून पळाल्या.

५. शेवटी अर्जदार दोन एस.ट्या बदलून कोडोलीस गेली. मामांनी चहा पाजला, वाडीतल्या एकेकाची चौकशी केली, पण म्हणाले, “पोरी, फेस बघाया लेकीला एवढ्या लांब धाडू व्हय? सरकारचा कागद आण, लगेच धाडतो. कागदाला न्हाय म्हणायची माझी टाप न्हाय.” त्यांच्यामागे दाराआड नजीरा उभी होती. ती दोन्ही हातांनी हवेत पंप मारून दाखवत होती.

६. सबब विनंती की, ‘तपासणीकामी कु. नजीरा हिची हजेरी आवश्यक’ एवढी एक ओळ शिक्क्यासह लिहावी. तारीख १४ असली तरी कागदात ११ घालावी, कारण सराव लागेल. सरावाला एक दिवस पुरतो हे अर्जदारास माहीत आहे. तरी ११च घालावी.

खाण ऐकेल न ऐकेल, ते आपण बघालच. कागद मात्र आधी काढावा.

आपल्या टपालाकडे डोळे लावून बसलेली,
कु. राजाक्का जोतीराम चौगुले
वरची वाडी, ता. भुदरगड

सोबत :
१) धुतलेली वाळू व न धुतलेला गाळ, काडेपेटीत वेगवेगळे.
२) मेथीची चार पाने (वाळली असतील).
३) गौसमामांचा पत्ता लिहिलेले पाकीट. तिकीट लावले आहे. आत फक्त कागद घालायचा आहे.