पहिल्या हाकेला ओ

सोमवार, १० जून

पोचलो एकदाचा कास्त्रोपेत्राला. सगळी सकाळ बसमध्ये गेली. एका बाईने माझ्या मांडीवर कोंबडीची टोपली ठेवली आणि स्वतः मधल्याच गावात उतरून गेली. पुढच्या वळणावर तिच्या मुलाने सायकलवरून गाठून कोंबडी सोडवून नेली, तोवर आमची चांगली ओळख झाली होती. सोतोस ड्रायव्हरला कळलं की मी जुन्या देवळाच्या अवशेषांवरचा नवा राखणदार, तर म्हणाला, दगडांची कसली राखण करता राव, ते कुठे पळून चाललेत?

खोली मिळाली आहे किरा देस्पोकडे. विधवा बाई, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. आल्याआल्या चमचाभर चेरीचा मुरांबा आणि गार पाणी पुढे केलं. दारात अंजिराचं झाड आहे. माझ्या लेकीला, मेल्पोला, आवडेल. शाळा सुटली की पुढच्या आठवड्यानंतरच्या गुरुवारी बहीण तिला लारिसाहून याच बसमध्ये बसवून देणार. तिची आई गेल्यापासून पोर आत्याकडे आहे. आता हे घर आमच्या दोघांचं. आठ वर्षांची आहे, पण घर डोक्यावर घेते. एकदा हाक मारून गप्प बसणं तिला ठाऊक नाही. ओ देईपर्यंत बाबा, बाबा, बाबा असा जप चालू असतो. तो ऐकायला कान आसुसलेत.

गुरुवार, १३ जून

काम सोपं. फाटक उघडायचं, तिकिटं फाडायची, बकऱ्या हाकलायच्या. देवळाचे काही खांब उभे आहेत, बाकीचे गवतात आडवे पडलेत. फाटकालगत सरूच्या झाडाखाली दगडांचा भला मोठा ढीग आहे. गावातला जो तो येता-जाता त्यावर एक दगड टाकतो आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटतो. आमच्या गावाकडेही असा एक होता. कुणा हरामखोराच्या नावाने शिव्याशाप घालायचे आणि धोंडा टाकायचा. इथला हरामखोर कोण, ते मात्र कुणी सांगत नाही.

बार्बा ग्लिगोरिसला विचारलं. त्याचं कॉफीचं दुकान चौकात आहे आणि गावातला एकुलता एक टेलिफोन त्याच्याकडे. तो म्हणाला, 'नाव कशाला हवंय तुला, लग्नाला बोलवायचंय? टाक की तूही एक. हात झिजणार आहे का तुझा?' मी नाही टाकला. ज्याने माझं काही बिघडवलं नाही त्याला मी शाप का द्यावा?

शनिवार, १५ जून

आज ढीग हलवून झाला. पर्यटकांच्या मोठ्या गाडीला वळायला जागाच नव्हती. दोन दिवस हातगाडी ओढली, पाठीचा काटा ढिला झाला. पण त्याच दगडांनी देवळापर्यंतच्या वाटेला दोन्हीकडून अशी झकास किनार केली आहे की साहेब बघतच राहतील. मनालाही बरं वाटलं. किती वर्षं लोकांचे शाप छातीवर घेऊन पडायचं एखाद्याने? सुटला बिचारा. तळाशी माती निघाली ती काळी आणि ओली. एवढ्या उन्हाळ्यात ओली कशी, नवल आहे.

संध्याकाळी हे कौतुकाने सांगितलं तर किरा देस्पो अभद्र टळावं म्हणून छातीवर तीनदा थुंकली आणि आपल्या खोलीत निघून गेली. मला वाढलंदेखील नाही. ग्लिगोरिस दारात येऊन नेहमीसारखा खोकला आणि म्हणाला, 'गाढवा, तुला झाडलोट करायला हेच सापडलं?' मी म्हटलं, उद्या परत रचतो. तर म्हणाला, ज्या हाताने शाप देऊन दगड टाकला त्याच हाताने तो परत पडायला हवा, आणि त्यातले अर्धे हात दफनभूमीत आहेत.

बुधवार, १९ जून

इथे जेवणं झाली की गाव झोपतं. खिडक्या बंद, रस्त्यावर कुत्रं नाही, नुसतं पांढरं ऊन. मी पडलो होतो. बाहेर अंजिराखालून कुणीतरी हाक मारली, 'अर्गिरी.' माझं नाव, एकदाच. आवाज ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते आठवेना. ओ द्यायला तोंड उघडलं तोच किरा देस्पो आत आली आणि पिठाच्या हाताने तिने माझं तोंड दाबलं. कितीतरी वेळ सोडलं नाही.

मग म्हणाली, 'पहिल्या हाकेला ओ देऊ नकोस, पोरा. कुणाच्याही. जिवंत माणूस दुसऱ्यांदा हाक मारतं. त्या ढिगाखालच्याला हाक एकदाच मारता येते.' आणि जो ओ देतो तो मरतो आणि त्याच्यासारखाच हाका मारत फिरतो, म्हणाली. मी हसायला गेलो, पण ती छातीवर क्रूस काढत राहिली. दार उघडून पाहिलं. अंजिराखाली माती सांडली होती. काळी, ओली.

शनिवार, २२ जून

ग्लिगोरिस गेला. काल भर दुपारी बाहेरून कुणी त्याला हाक मारली आणि तो 'आलो, आलो' म्हणत उठला, असं त्याची बायको सांगते. जन्म गेला गिऱ्हाइकाच्या पहिल्या हाकेला ओ देण्यात. सवय कुठली जाणार? उंबऱ्यावर सापडला. गाल दारू प्यायल्यासारखे लाल, आणि अंग ताठलंच नाही, दफनाच्या वेळीसुद्धा. त्याच्या नावाचे उकडलेले गोड गहू सगळ्यांनी मूठमूठ खाल्ले. माझ्यापुढे कुणी ताट धरलं नाही. दुकानाला कुलूप आहे. टेलिफोन आत.

हे माझ्यामुळे झालं.

सोमवार, २४ जून

दगड परत रचतोय. गावातली जी म्हातारी मंडळी आहेत ती आपापला एकेक टाकून जातात, माझ्याशी बोलत नाहीत. ढीग काही गुडघ्याच्या वर जात नाही.

आज दुपारी दोन हाका. पहिली दारातून, त्या आवाजाची. दुसरी खिडकीतून, आणि आधी खोकला. तो खोकला मी ओळखतो. त्याच्या हातची कॉफी प्यायलोय मी. 'अर्गिरी,' एवढंच म्हणाला. मी उशी तोंडात धरून पडलो.

सोतोसबरोबर बहिणीला निरोप धाडलाय की मेल्पोला पाठवू नकोस. काहीही कर, पण पाठवू नकोस.

बुधवार, २६ जून

बहिणीचा उलट निरोप आला. उन्हात टोपी घालत जा, दारू कमी कर, पोर पिशवी भरून बसली आहे.

किरा देस्पो आज देवाची तसबीर छातीशी धरून समुद्राकडे बहिणीच्या गावी गेली. चल म्हणाली. कसा जाऊ? उद्या बस अकराला येते, दुपारच्या आत. मेल्पोला खाली उतरूच द्यायचं नाही. मीच चढायचं आणि त्याच बसने परत. सामान बांधलंय.

गुरुवार, २७ जून

दहापासून थांब्यावर होतो. अकरा वाजले. बारा. बस नाही. गावाने खिडक्या लावून घेतल्या. मी उभाच. मग पाठीमागून, अगदी मानेजवळून, 'अर्गिरी' —

मी पळालो. लाज वाटते लिहायला. बाप असून पळालो. दाराला कडी घातली, सामानाची पेटी आड सरकवली. लिहीत राहिलो तर शुद्ध राहील —

बस येणार नाही. घाटात बिघडली असेल. बिघडू दे, देवा —

हॉर्न. बसचा हॉर्न.

जातो. कडी काढतोय —

दाराशी तो आवाज. 'अर्गिरी.' फळीच्या पलीकडेच. हात मागे आला. खिडकीत खोकला. दोघेही इथे आहेत. मग तिच्याजवळ कुणी नाही. मेल्पो, तिथेच थांब, बसमध्येच थांब —

बस गेली.

तिच्या चपला. पळत येतेय, गाणं म्हणत. ओरडलो, येऊ नकोस. गाण्याच्या नादात ऐकतेय कुठे —

दारापासून कुणीतरी दूर गेलं. अंजिराखाली. 'मेल्पो.' एकदा.

आणि ती म्हणाली, 'आले!'

किती आनंदाने म्हणाली —

गाणं थांबलं.

काही नाही. ऊन. झाडावरचे किरकिरणारे किडेसुद्धा नाहीत.

दाराशी लहान पावलं.

'बाबा.'

तिचाच आवाज. कडीवर हात ठेवलाय. उघडतो बाळा, उघडतो, फक्त अजून एकदा. तू कधी एकदा हाक मारून थांबली नाहीस —

थांबलीय. दारातच उभी आहे. फटीतून चपला दिसतात. माती लागलीय.

मेल्पो, अजून एक हाक मार. एकच. बाबा म्हण —