माझं नाक आणि कार्मडींची व्हिस्की

१ नोव्हेंबर, शनिवार
अखेर दखल घेतली गेली. सकाळी सोरखा कार्मडी घरी आली होती, गावात व्हिस्की बनवणाऱ्या कार्मडींची मुलगी. त्यांची नवी ब्लेंडेड व्हिस्की येतेय, चांगली महागातली. तीन नमुने तयार आहेत, त्यातला एक निवडायचाय. त्यासाठी गावातली तीन माणसं बोलावलीत, त्यातला मी एक. म्हणजे मुख्य. तसं ती म्हणाली नाही, पण उरलेली दोघं पबवाला मॅलकी आणि औषधाच्या दुकानातली डिम्फ्ना. मी अबकारी खात्यात तीस वर्षं काढली. ड्युटीवर चव घ्यायची परवानगी नव्हती, त्यामुळे माझी जीभ अजून कोरी आहे. परीक्षकाला हेच लागतं.
खरं तर हे काम तिच्या बापाचं. कॉन कार्मडी, माझा शाळेतला दोस्त. जन्मभर त्यांच्या व्हिस्क्या त्यानेच जुळवल्या. पण वसंत ऋतूपासून तो घराबाहेर पडलेला नाही. गुडघे दुखतात म्हणे.
निघताना सोरखा दारात माझ्या बायकोशी, फिलोमिनाशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. माझी तब्येत सांभाळायला सांगत असणार.
संकल्प: आठ तारखेपर्यंत बेकन बंद, कांदा बंद, आफ्टरशेव्ह बंद.

२ नोव्हेंबर, रविवार
बेकन खाल्लं. रविवारी नाही म्हटलं तर बायकोला वाईट वाटतं. उद्यापासून कडक.

४ नोव्हेंबर
सराव सुरू. डोळे मिटून फिलोमिनाने समोर धरलेल्या बश्या ओळखायच्या. पहिली लवंग, दुसरी संत्र्याची साल, तिसरी बुटाचं पॉलिश. तिन्ही झटक्यात ओळखल्या. फिलोमिना म्हणते, तिन्ही बश्यांत साखर होती. साखरेला कपाटातल्या कशाकशाचे वास लागले होते हे तिला सांगता येईना. असल्या ढिलाईत सराव कसा व्हायचा?
दुपारी ओव्हनमधला सोडा ब्रेड जळाला. मी शेजारीच पेपर वाचत होतो. ती बागेतून धावत आली आणि म्हणाली, तुला वासच आला नाही का? मी सांगितलं की धूर सर्वांत आधी मीच पाहिला.

६ नोव्हेंबर
फिलोमिना पुन्हा डॉक्टरचं घेऊन बसली. म्हणाली, फेब्रुवारीतल्या फ्लूपासून तुझं नाक गेलंय, दूध नासलं तरी तू चहात घालून पितोस. मी म्हटलं, नाक गेलेलं नाही, विश्रांती घेतंय. मोठ्या कामाआधी घेतंच. ती म्हणाली, मग सोरखाला सरळ सांगून टाक, तिला चालेल. चालेल कसं? आंधळा पंच कोणाला चालतो?
लायब्ररीतून व्हिस्कीवरचं पुस्तक आणलं. शब्द फार सुंदर आहेत. जुनं चामडं. वाळलेला अंजीर. चर्चमधली नुकती विझवलेली मेणबत्ती. सगळं पाठ केलं. शब्द तयार असले की वास आपोआप मागून येतो.

८ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ
उत्तम पार पडलं.
कार्मडींच्या गोदामात लांब टेबल. प्रत्येकापुढे तीन ग्लास, आकडे घातलेले. सोरखा म्हणाली, वासाचं काही लिहिलं नाही तरी चालेल. जिभेला कशी लागते, घशातून कशी उतरते, मागे काय राहतं, एवढंच सांगा. आणि हे बोलताना माझ्याकडे बघत होती. वर पुन्हा म्हणाली, कोलमनकाका, तुम्ही तर अगदी मनमोकळं लिहा. मी ओळखलं, ही परीक्षकाचीच परीक्षा आहे. कच्चा माणूस तेवढंच लिहून मोकळा होईल.
नाक अजून विश्रांतीच घेत होतं. मी घाबरलो नाही. मॅलकी समोरच बसला होता, आणि तीस वर्षं पब चालवणाऱ्याचा चेहरा खोटं बोलत नाही. पहिल्या ग्लासला तो होता तसाच राहिला. दुसऱ्याला एक डोळा मिटून कळवळला. तिसऱ्याला चेहरा सैल पडला.
त्याप्रमाणे लिहिलं. एक नंबर: बरी, अंजीर. दोन नंबर: कर्कश, ओलं चामडं, बाद. तीन नंबर: थोर, संत्र्याची साल, मेणबत्ती. कागदाच्या मागच्या बाजूलाही लिहावं लागलं. डिम्फ्नाने फक्त चार शब्द लिहिले. बिचारी.
कागद वाचून सोरखाने तो दोनदा उलटसुलट करून पाहिला. भारावली असावी.

१० नोव्हेंबर
मॅलकीची दाढ काढली. परवापासून ठणकत होती आणि दोन नंबरचा घोट नेमका तिच्यावर गेला, असं तो सगळ्या पबला सांगत होता. तिसऱ्यापर्यंत तोंड बधिर झालं होतं म्हणे.
दुखत असताना माणसाने परीक्षक म्हणून यावंच कशाला? बेजबाबदारपणा आहे. मी त्याला तसं म्हणालो नाही, तोंड सुजलंय.

१२ नोव्हेंबर
वाईट दिवस.
जेवताना फिलोमिना म्हणाली की कॉनचे गुडघे ठणठणीत आहेत. वसंतात आजारी पडला तेव्हा त्याचा वास गेला. पूर्ण. तेव्हापासून तो गोदामात गेलेला नाही आणि एक घोटही घेतलेला नाही. नवी व्हिस्की सोरखा विकणार आहेच, पण जुळवली आहे ती बापासाठी, त्याच्या जिभेला अजूनही काहीतरी लागेल अशी. डिम्फ्ना आणि मॅलकी गिऱ्हाइकांच्या वतीने होते. मी कॉनच्या वतीने.
म्हणजे काय, असं विचारलं. ती म्हणाली, तिला हवा होता वास न येणारा माणूस. मीच तुझं नाव सांगितलं.
मी बटाटा परत ताटात ठेवला.
पुढे म्हणाली, तुझा कागद वाचून तिने काल तीन नंबर बापापुढे ठेवला. कॉनने कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा ग्लास हातात घेतला. एक घोट घेतला, पाणी आहे म्हणाला, ग्लास परत दिला आणि खिडकीकडे वळून बसला.
मी म्हटलं, माझ्या पाठीमागे हे असलं ठरवणं बरोबर नाही. ती म्हणाली, पाठीमागे नाही, ती तुझ्या तोंडावर सांगत होती, जिभेचं लिहा म्हणून. आणि ताटं उचलायला लागली.

१३ नोव्हेंबर
फिलोमिनाशी बोलायचं नाही असा निश्चय. सकाळी अकरा वाजेपर्यंत टिकला. चष्मा सापडत नव्हता.
विचार केला. चूक मॅलकीच्या दाढेची आहे हे खरंच. तरी मोठ्या परीक्षकाने कधी कधी फेरतपासणी करावी. उद्या कॉनकडे जाईन आणि दोन शब्दांत विषय संपवीन. रुबाब सोडायचा नाही.

१४ नोव्हेंबर
गेलो. फेरतपासणीसाठी दोन नंबर मागितला, सोरखाने बाटली आणि दोन ग्लास दिले.
कॉन खिडकीत बसला होता, बारीक झालाय. मला बघून म्हणाला, ये रे मेणबत्तीवाल्या. माझा कागद त्याने वाचला होता. म्हणाला, जन्म गेला माझा या धंद्यात, मला कधी मेणबत्ती सापडली नाही, तुला कुठे भेटली? मी म्हटलं, पुस्तकात असते. तो म्हणाला, खरं सांग कोलमन, तुला कसला वास येतो का? मी म्हटलं, वाऱ्यावर अवलंबून आहे.
तो हसला नाही. बाहेर बघत म्हणाला, मला कसला म्हणजे कसलाच वास येत नाही. पोरगी गालाला गाल लावते, पण ती गोदामातून आलीय की अंघोळ करून, ते कळत नाही. पूर्वी न बघता सांगायचो.
मी ओतली. प्यायलो दोघं. मग मी म्हणालो, जाड आहे. तो म्हणाला, हं. मी म्हणालो, जिभेच्या कडांना मिरी चावल्यासारखं होतंय. तो म्हणाला, मला डावीकडे जास्त. मी म्हणालो, आणि खाली उतरली तरी जात नाही, छातीत बसून राहते, पाहुणा उठायचं नाव घेत नाही तशी. त्याने पुन्हा एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मग ग्लास पुढे केला. भर म्हणाला.
थोड्या वेळाने त्याने सोरखाला हाक मारली. म्हणाला, हीच घे, पण कच्च्या जवाची तिखट अजून थोडी वाढव, आणि शेरी वाइनच्या पिंपातली गोड कमी कर, उगाच लाडात येतेय. आणि माझे बूट कुठे टाकलेस? उद्या गोदामात येतो, तुम्ही सगळी वाट लावली असणार.
सोरखा हो म्हणाली आणि एकदम स्वयंपाकघरात गेली. आली तेव्हा डोळे लाल होते. कांदा चिरत असावी.
एकूण माझ्या तपासणीमुळे प्रकरण मार्गी लागलं, असं म्हणायला हरकत नाही.

१६ नोव्हेंबर
डब्लिनला मोठी स्पर्धा असते. परीक्षक म्हणून अर्ज करायचा विचार आहे. अनुभवाच्या रकान्यात लिहायला आता भक्कम मजकूर आहे. फिलोमिनाला सांगितलं. ती म्हणाली, कर, पण आधी डॉक्टर.

२१ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाला, नाक परत येईल किंवा येणार नाही. एवढं तर मीही सांगू शकलो असतो.
डब्लिनचा अर्ज भरून ठेवला.

१२ डिसेंबर, शुक्रवार
व्हिस्की बाजारात आली. आज जिल्ह्याच्या पेपरात मोठी बातमी आहे, फोटोसकट. कॉन मधे, त्याच्या एका बाजूला सोरखा, दुसऱ्या बाजूला मी. सोरखाने मनापासून माझं कौतुक केलंय. मथळा असा: ‘अजिबात वास न येणाऱ्या माणसाने निवडली कार्मडींची व्हिस्की’. खाली माझं पूर्ण नाव, पत्ता, आणि अबकारी खात्यातला हुद्दा.
डब्लिनचा अर्ज परवाच पोस्टात पडलाय. हा पेपर तिकडे जातो का, याची चौकशी करायला हवी.
संध्याकाळी पबमध्ये गेलो. सगळ्यांनी सरकून बारपाशी जागा करून दिली, हे जास्त वाईट. मॅलकीने बातमी फ्रेम करून बारच्या मागे लावली होती. लिंबू आणि लवंग घातलेली वाफाळती व्हिस्की त्याने न मागता माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, कोलमनसाहेब, कशी आहे?
सगळा पब माझ्याकडे बघत होता.
घोट घेतला. गरम आहे, म्हणालो.