दोरीचं दुसरं टोक

९ मार्च, मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. खोकला थांबला का? तुमचा भाऊ म्हणाला, आवाज अजून बसलेलाच आहे. ऑफिसातल्या त्या गार खोलीत बसताना गळ्याला काहीतरी गुंडाळत जा. दिवसभर लोकांचे फोन तुम्ही जोडून देता. तुमचा आवाज गेला तर सगळं ऑफिस मुकं होईल.

इकडे ठीक. दुकानात गर्दी नाही म्हणून काउंटरमागे बसून हे टाइप करतेय. काल एक आजोबा डोक्यावरचा चष्मा विसरून नवीन घ्यायला आले. तुमचं वाक्य आठवलं : "भावजय चष्म्याच्या दुकानात आणि नणंद ठार आंधळी, काय जोडी जमवलीय देवानं! एखादी शोभेची फ्रेम तरी दे मला." एकटीच हसले.

रोज फोन करणारी ही आज लिहीत का बसली, असं वाटेल तुम्हाला. माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून मी जेवले की नाही ते तुम्ही ओळखता. म्हणून हे तुमच्या मोबाइलमधल्या त्या बाईंना वाचू द्या. लग्नाचं आमंत्रण आणि पाणी न येण्याची सूचना त्या एकाच सुरात वाचतात. आज मला तसाच सूर हवाय. कानात घालून, एकटीनं ऐका.

आपण दोघी एका दोरीला मनगटं बांधून पळालो, त्या मॅरेथॉनला तीन आठवडे झाले. आपल्या पळण्याच्या मास्तरांनी आखून दिल्याप्रमाणे पहिला आठवडा मी नुसती चालले. दुसऱ्यात एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. आता सलग तीन मिनिटं पळते. मास्तर म्हणतात, लांबून आलेले पाय रुसलेले असतात, त्यांना घाई करू नये. पाय माझे ठीक आहेत. पण एकटी असले तरी हात अजून तुमच्या बाजूला वाकलेलाच राहतो, आणि तोंडातून आपोआप निघतं, "पुढे उंचवटा... तीन, दोन, एक." काल कोपऱ्यावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "बाई, कोणाशी बोलताय?" मी म्हटलं, "नणंदेशी." त्यानं माझ्या आजूबाजूला नीट बघितलं आणि फाटक लावून घेतलं.

तुम्ही मात्र पहाटे पळायला बाहेरच पडत नाही असं कळलं. बूट धुऊन, आत कागद भरून कपाटात ठेवलेत म्हणे. परवाच्या रविवारी मैदानावर सगळे जमलो आणि मास्तरांनी तुमचं नाव पुढच्या वर्षासाठी पाच किलोमीटरच्या यादीत घातलं, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "बरोबर आहे." आणि जाताना माझा हात धरून, "माझ्या संथपणापायी तुझं पदक गेलं गं. मला माफ कर."

मी म्हटलं, "जाऊ दे हो, ताई."

त्या 'जाऊ दे'पासून दुकानात गिऱ्हाइकापुढे आरसा धरते तेव्हा मी तिरकी उभी राहते. स्वतःचं तोंड दिसायला नको.

सांगते आता. चौतिसाव्या किलोमीटरवर, पुलाखालच्या वळणावर मी थांबले आणि म्हटलं, "ताई, वेळ संपली. रस्ता मोकळा करतायत, आपल्याला थांबवलंय." कोणी थांबवलं नव्हतं. सहा तासांची मुदत होती आणि साडेचार तास झाले होते. आठ किलोमीटर उरले होते. भराभर चालत गेलो असतो तरी पोचलो असतो. तुमचं बोलणारं घड्याळ सकाळी मीच काढायला लावलं होतं, दोरीखाली टोचतं म्हणून. तेव्हा खरंच मनात काही नव्हतं.

तुम्ही संथ नव्हता. तुमचा श्वास शेवटपर्यंत एकसारखा चालला होता. तिसाव्यापासून दोरी मागे खेचत होते ती मी, आणि तुम्हाला वाटत होतं की मी तुमच्यासाठी वेग कमी केलाय.

तुम्ही विचारलंत, "मग ही मागून पावलं कसली येतायत?" मी म्हटलं, "रिकामे पेले गोळा करणारे लोक आहेत." धापेत माझा आवाज लपला, नाहीतर पकडलं असतंत. माणसं पळत होती, ताई. एक गृहस्थ तर आपल्याकडे बघून ओरडले, "चला, चला, थोडंच राहिलं!" तेही तुम्ही ऐकलंत. क्षणभर मान वळवलीत. मग स्वतःच्या कानांपेक्षा माझा शब्द मोठा मानलात आणि माझ्या शेजारी कठड्यावर बसलात. वर मलाच विचारलंत, "तुला पाणी हवं का गं?"

इथपर्यंत लिहून थांबले होते. एक बाई वाचायचा चष्मा न्यायला आल्या, त्यांचं काम केलं. मनात आलं, इथंच संपवावं. दमले, खोटं बोलले, चूक झाली. एवढ्यावर तुम्ही माफ केलं असतं, मला ठाऊक आहे. पण एवढंच नाही.

छत्तिसाव्या किलोमीटरवर शिडीबाई उभ्या होत्या. आपल्या ग्रंथपाल बाई हो, ज्यांचा आवाज वरच्या मजल्यावरून येतो म्हणून तुम्हीच ते नाव ठेवलंत. मी दमले तर तिथून पुढे तुम्हाला त्यांनी न्यायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं. तुमच्या मनात उगाच शंका नको म्हणून फक्त मला सांगितलं होतं. म्हणजे दोन किलोमीटर, ताई. तेवढं मी कशीही रखडत गेले असते आणि दोरी त्यांच्या हातात दिली असती, तर आज तुमच्या गळ्यात पदक असतं.

तेच मला नको होतं. आठ महिने पहाटे तुमच्या दाराशी मी आले, एकेक खड्डा मी सांगितला, आणि शेवटच्या रेषेवर तुमच्या शेजारी फोटोत ती उंच बाई? हा विचार आला आणि पाठोपाठ 'वेळ संपली' तोंडातून निघून गेलं. मी नाही तर कोणीच नाही. इतकी हलकी मी कधी झाले, मला कळलं नाही.

शिडीबाई दीड तास संत्र्याच्या फोडींचा डबा धरून उन्हात उभ्या होत्या. मास्तरांना मी सांगितलं, ताईंना चक्कर आली. तुम्ही पाचच्या यादीत गेलात त्या यामुळे.

काल मास्तरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिले. मग म्हणाले, "मला काय सांगताय? ज्यांनी ऐकायला हवं त्यांना सांगा." वही काढून त्यांनी तुमचं नाव पाचातून खोडलं आणि बेचाळीसमध्ये लिहिलं. शेजारी सोबतिणीचं नाव लिहितात, ती जागा कोरी ठेवली. यादी शनिवारी संयोजकांकडे जाते.

आपली दोरी तुमच्या भावाबरोबर पाठवतेय, तुमच्या धुतलेल्या डब्यांच्या पिशवीत आहे. त्याला यातलं काही माहीत नाही, त्याला झापू नका. माझ्या बाजूचा फास थोडा सैल करावा लागेल, शिडीबाईंचं मनगट रुंद आहे. त्यांनाही भेटले. म्हणाल्या, "त्यांनी बोलावलं तर येईन. तुम्ही सांगताय म्हणून येणार नाही." बरोबरच आहे.

बुटांतले कागद काढा. पहिला आठवडा नुसतं चाला, तुम्ही घाई कराल म्हणून सांगते. तुमच्या फाटकाबाहेर डाव्या हाताला, आठ पावलांवर, पाइपसाठी नवा खड्डा खणलाय. जो कोणी बरोबर असेल त्याला आधी सांगून ठेवा.

मी फोन करणार नाही. तुमचा आला तर उचलेन आणि जे बोलाल ते ऐकेन. रविवारी मैदानावर येईन, पण पलीकडच्या कडेनं पळेन. तुम्हाला माझी पावलं ओळखू आली तर ओळख दाखवलीच पाहिजे असं नाही.

पुलाखाली जे म्हणायला हवं होतं, ते आज म्हणते. ताई, माझे पाय संपले. तुम्ही पुढे व्हा.

तुमची
भावजय