फाटक्या कानाची ठिपकी

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडलं, पण खोडलं नाही. खोडलं असतं तर ते खोटं झालं असतं.

तुझा फोन आला की मी तो उपडा ठेवते, हे एव्हाना तुला कळलं असेल. वहिनीचा मात्र उचलते. ती हवापाणी विचारते, मी हवापाणी सांगते, आणि मागून तुझ्या खोकल्याचा आवाज येतो. म्हणजे तू तिथेच बसलेला असतोस आणि आपण दोघं चाळिशी ओलांडलेली माणसं वहिनीला मध्ये उभं करून लपाछपी खेळत असतो. तुझ्याशी फोनवर मला नीट भांडता येत नाही. तू 'बरं' म्हणतोस आणि माझं सगळं म्हणणं त्या एका 'बरं'वर आपटून खाली पडतं. पत्रात तुला मध्येच 'बरं' म्हणता येणार नाही, म्हणून पत्र.

आधी तो रविवार मला माझ्या बाजूनं सलग सांगू दे, कारण त्या दिवशी आपण दोघंही एकदमच बोलत होतो. ठिपकीची आई, ती हरिणी, ट्रकखाली गेली आणि डॉक्टरीणबाईंच्या जखमी प्राण्यांच्या केंद्रात जागा नव्हती म्हणून ते एवढंसं पाडस माझ्याकडे आलं, हे तुला माहीत होतं. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत मी आणि तुझी भाची आळीपाळीनं तिला बाटलीनं दूध पाजत होतो, हेही माहीत होतं. तिचा डावा कान कुंपणाच्या तारेत अडकून उभा फाटला, ते मात्र तुला माहीत नव्हतं, कारण तू तिला कधी पाहिलंच नाहीस. मी बघायला बोलावलं तेव्हा तू गाडीतून उतरलासुद्धा नाहीस. काच वर करून आतूनच म्हणालास, "मला ओळख करून देऊ नकोस बाई. एकदा ओळख झाली की माझी पंचाईत होते." मी हसले. खरं सांगते, मला ते आवडलंही. बाबांचं असंच होतं. ज्या कोंबड्या पुढेमागे कापायच्या, त्यांना ते कधी स्वतः दाणे टाकत नसत. ते काम आपल्याकडे. आणि आपण मात्र प्रत्येक कोंबडीला नाव ठेवून बसायचो, मग ताटावर रडायचो, आणि रडत रडत खायचो.

पानगळीच्या सुमारास ठिपकीला रानाच्या कडेला सोडलं. ती दोनदा मागे वळून आली, तिसऱ्यांदा गेली. त्या दिवशी मी रोजनिशीत लिहिलं, 'आज एक काम पूर्ण झालं.' ते वाक्य आता डोळ्यांसमोर आलं तरी चीड येते.

आणि मग वर्षभरानं तो रविवार. वहिनीनं तुझ्या शिकारीचं मांस सकाळपासून मंद आचेवर ठेवलं होतं, हाडापासून आपोआप सुटत होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तू खुशीत होतास. म्हणालास, "यंदाचं हरीण म्हणजे नमुना होता! वारा माझ्याकडून तिच्याकडे, म्हणजे तिला माझा वास गेलेलाच. कुठलंही शहाणं हरीण शेपटी वर करून पसार झालं असतं. ही बया चालत चालत माझ्याकडेच! जशी काही जुनी ओळख निघाली." हे हसले. मीही हसले, दादा. मग तू म्हणालास, "कानही फाटका होता, डावा. कुणाशी भांडली होती देव जाणे." तुझ्या भाचीचा चमचा ताटावर टेकला. "कुठून फाटका, मामा?" तू आपल्याच कानावर बोट फिरवून दाखवलंस, टोकापासून अर्ध्यापर्यंत. वहिनीला काही उमगलं नव्हतं. ती म्हणत होती, "अगं, जेवण तर होऊ द्या, मग बोला कानाचं." पोरगी उठून बाहेर गेली. मी तुला खुनी म्हणाले, कसाई म्हणाले, आणखीही जे म्हणाले ते लिहीत नाही. आणि तू ताटावरून उठून, हात न धुता, एवढंच म्हणालास, "गोळी मी घातली, कबूल. पण माणसाकडे चालत येणारं हरीण मी नाही तयार केलं, जजसाहेब."

जजसाहेब! लहानपणी मी प्रत्येक भांडणात निवाडा करायला बसायचे म्हणून तू ठेवलेलं नाव. नेमकं तेव्हाच आठवावं तुला?

त्या वाक्याचा मला इतका राग आला, कारण ते अर्धं खरं होतं. अर्ध्या खऱ्या वाक्याइतकं चिडवणारं दुसरं काही नसतं. ते गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. उरलेलं अर्धं तुझं आहे आणि त्यातून मी तुला सोडणार नाही. तू मिसरूड फुटल्यापासून हरणं बघतोयस. हरीण वास येऊनही जवळ येतं, यात काहीतरी चुकतंय हे तुझ्या लक्षात यायला नको? लिफ्ट दुरुस्त करताना तू केबल ताणून बघितल्याशिवाय कुणाला आत पाय ठेवू देत नाहीस. मी औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं तपासते. दुष्परिणामांच्या मजकुरात एक स्वल्पविराम चुकला तर मला घास जात नाही. तपासण्यात आयुष्य घालवणारी आपण दोघं, आणि तू त्या हरणाच्या वागण्याकडे बघितलं नाहीस, मी त्या हरणाला काय शिकवतेय ते बघितलं नाही. माझ्या मायेच्या पाकिटात दुष्परिणामांचा कागदच नव्हता.

त्यानंतर आमच्या घरात काय चाललंय ते तुला कळावं. तुझी भाची मांस, अंडी, दूध सगळं सोडून बसलीय आणि फ्रीजसमोर चौकीदारासारखी उभी असते. तिला काही बोलावं तर म्हणते, "आई, तू तिला पाजलंस आणि तूच तिला खाल्लंस. तू मला नको सांगूस." मी तिच्या चामड्याच्या बुटांकडे बोट दाखवलं. चार दिवसांनी तिनं ते बूट कुणाला तरी देऊन टाकले आणि आता भिजक्या कापडी बुटांत शिंकत फिरते. मीही मांस सोडून पाहिलं. महिनाभर जमलं. पण केंद्रात पंख मोडलेलं एक घुबड आहे, त्याचं खाणं माझ्याकडे. गोठवलेले उंदीर काढून मी कोमट पाण्यात ठेवते, पुसते आणि चिमट्यानं त्याला देते. उंदराचे पाय इतके नाजूक असतात, दादा. एकाला वाचवायला दुसऱ्याला कोमट करायचं, आणि घरी जाऊन वाटाणे सोलत स्वतःला पुण्यवान समजायचं, हे मला झेपेना. एकदा डॉक्टरीणबाई एका बदकाचा पाय बसवून हात धुऊन आल्या आणि कोंबडीचं सँडविच खायला लागल्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नकोस. मी प्राणी दुरुस्त करते, प्रश्न नाही."

मला कुणीतरी उत्तर द्यावं असं वाटतं आणि कुणी दिलं की त्याच्या अंगावर जावंसं वाटतं. पोरगी म्हणते, प्रेम असेल तर खायचं नाही, संपलं. इतकं सोपं असतं तर बाबा तसे कसे झाले असते? आजारी कुत्रीला मांडीवर घेऊन सकाळपर्यंत बसणारे आणि दुसऱ्या दिवशी खांद्यावर ससा टाकून येणारे बाबा एकच होते. तू म्हणतोस, दुकानातल्या पाकिटाला डोळे नसतात म्हणून तुम्हाला ते चालतं, मी निदान डोळ्यांत बघून मारतो. हे मी तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्याची धार गेलीय. डोळ्यांत बघितल्यानं मारणं कमी होतं का? आणि ठिपकीच्या डोळ्यांत तू बघितलंस तेव्हा तिनं काय पाहिलं? तिला वाटलं असेल, बाटली आली. इथे मी दरवेळी थांबते. याच्या पुढे मला विचार करता येत नाही.

परवा काही शोधताना बाबांचा जुना शिकारीचा कोट सापडला आणि पाण्याची टाकी आठवली. बाबा ससा घेऊन आले की तू त्याचा कापलेला पाय हातात धरून माझ्यामागे लागायचास. मी त्या टाकीभोवती अशी किंचाळत पळायचे की शेजारची माणसं गच्चीवर यायची. मला माहीत असायचं, की तू माझा भाऊ आहेस आणि तुझ्या हातात मेलेल्या सशाचा पाय आहे, बाकी काही नाही. तरी पाय थांबायचे नाहीत. नंतर जेवायला पहिली मीच. पळणारी मी आणि पाटावर बसणारी मी, दोघींची गाठ मी कधी घालूनच दिली नाही. तू निदान आपल्या दोन बाजू एकाच कोटात घालून फिरतोस. याचा मला हेवा वाटतो आणि हेवा वाटतो याचा संताप येतो.

आता बातमी. पत्र्याच्या खोलीत पुन्हा एक पाडस आहे. केंद्रातल्या हरणांच्या कुंपणाचं काम रखडलंय, त्यामुळे पुन्हा माझ्याच गळ्यात. या वेळी आम्ही त्याला नाव ठेवलेलं नाही. डोक्यावरून चादर घेऊन दूध पाजतो, त्याच्यासमोर एक शब्द बोलत नाही, खाजवत नाही, कुरवाळत नाही. पोरगी तर त्याच्याकडे बघतही नाही, आणि बाहेर येऊन रडते. उपयोग शून्य. चादर दिसली की ते नाचत येतं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलंय, "माणूस दिसला की हे पळालं नाही, तर मी याला सोडणार नाही. जन्मभर पिंजरा, आणि पिंजरेही भरलेत." म्हणजे पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण इंजेक्शन कुठल्या कपाटात असतं ते मला माहीत आहे. मी विचारलं, भीती शिकवायची कशी? तर म्हणाल्या, "बाटलीतून पाजता येत नाही. आई दचकते, आई पळते, ते बघून पिल्लू पळतं. इथे आई तू आहेस आणि तू कशालाच पळत नाहीस." मग आम्ही प्रयोग केला. मी थाळी बडवली. ते येऊन माझ्या ओढणीचं टोक चघळायला लागलं. ह्यांनी रेनकोट घालून, हात पसरून डरकाळी फोडली. मी ठरल्याप्रमाणे पळाले, पण ह्यांचा तो अवतार बघून मध्येच हसू फुटलं आणि थांबले. पाडस गेलं आणि ह्यांच्या रेनकोटची बटणं चाटत बसलं. पोरगी दारात उभी होती. मान वर न करता म्हणाली, "मामाला बोलव. त्याला जमेल." ती शिवी होती की विश्वास, मला कळलं नाही. बहुतेक तिलाही कळलं नसावं.

म्हणून हे पत्र. माफी मागायला नाही आणि माफ करायलाही नाही. ते दोन्ही कसं करतात ते मला अजून सुचलेलं नाही. तू ये. शिकारीचे कपडे घालून ये, न धुतलेले, बंदुकीच्या तेलाचा आणि कुत्र्याचा वास असलेले. पुढच्या दारानं नको, मागच्या फाटकातून ये आणि ओरडत ये. मी पाडसाजवळ असेन आणि तुला बघून पळेन. एका दिवसात भागणार नाही, ते पळायला शिकेपर्यंत रोज यावं लागेल. अंगणात मी तुझ्याशी बोलणार नाही, चहा विचारणार नाही. त्याच्यासमोर आपण बहीणभाऊ नाही. त्याच्याकडे निरखून बघू नकोस, ओळख करून घेऊ नकोस, तुझा नियम या वेळी आपण दोघंही पाळू. पुढे कधी रानात तुमची गाठ पडली तर त्याबद्दल मी तुझ्याकडून वचन मागत नाही. कुठल्या तोंडानं मागू, वहिनीच्या हातचं पुन्हा कधीच खाणार नाही असं मलाही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मला एवढंच हवंय, की तेव्हा त्यानं तुझा वास ओळखून पळावं आणि तुला फक्त त्याची शेपटी दिसावी. फक्त एक कर, दादा. बहिणीला जपून, हळू, लाजत धावू नकोस. टाकीभोवती धावायचास तसा धाव. मला खरीच भीती वाटली पाहिजे.

तुझीच,
जजसाहेब